नोकरी सोडा, पण ऑप्शनच्या प्रीमियमला पगार समजू नका

प्रश्न: वय ४१, ठाण्यात राहतो. मुंबईतल्या एका ब्रोकिंग कंपनीत १६ वर्षं डीलर आहे. मार्चमध्ये राजीनामा देऊन पूर्णवेळ मराठीत लिहायचं ठरवलंय. पत्नी शिक्षिका, पगार ६२,००० रुपये. मुलगी नववीत. ३८,००० च्या हप्त्यासकट घरखर्च १,२५,०००. गृहकर्ज ३१ लाख बाकी. म्युच्युअल फंड ५८ लाख, एफडी ९ लाख. गेल्या वर्षी बोनस १४ लाख होता. रक्तदाबाची गोळी चालू आहे. लिहायला मला सकाळच हवी. कमी पडेल ते फंड गहाण ठेवून, ऑप्शन विकून काढेन. जमेल का?

उत्तर: तुमच्या लेखनाची मला काळजी नाही, ऑप्शन विकण्याची आहे. ऑप्शन विकणं म्हणजे आज थोडा प्रीमियम घ्यायचा आणि भाव उलटा गेला तर समोरच्याचे पैसे भरून द्यायची हमी द्यायची. डेस्कवर तुम्ही कंपनीच्या पैशावर आणि रिस्क मॅनेजरच्या पहाऱ्यात सौदे करता. घरी दोन्ही नसतील. फंड गहाण ठेवले, की बाजार पडताना मार्जिनही (सौद्यासाठी ठेवलेलं तारण) आटतं आणि विकलेले पुटही (भाव पडला की विकणाऱ्याला तोटा देणारे ऑप्शन) अंगावर येतात, एकाच तासात. ४ जून २०२४ तुम्ही डेस्कवरून पाहिला असेलच. निफ्टी जवळजवळ ६ टक्के खाली बंद झाला होता. बाजाराची नियामक संस्था सेबीच्या पाहणीत २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओमधले (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात निघाले. तुम्ही उरलेल्या सातांतले असालही. पण बाजार सव्वानऊला उघडतो आणि तुमच्याच पत्राप्रमाणे तुम्हाला लिहायला सकाळच हवी. स्क्रीनवर पोझिशन उघडी असताना कादंबरीचं पान पुढे सरकत नाही हो!

लेखनाच्या उत्पन्नाचा हिशेब कोरडाच करू. ३५० रुपयांचं पुस्तक, १,००० प्रती, १० टक्के रॉयल्टी धरली तर ३५,००० रुपये, तेही आवृत्ती खपेल तेव्हा. तुमचा एक हप्ताही त्यात भागत नाही. म्हणून पहिली तीन वर्षं लेखनाची कमाई शून्य धरा. आली तर दिवाळी.

आता वाट. राजीनामा मार्चमध्ये नको, बोनस मेमध्ये खात्यात पडल्यावर द्या. बहुतेक कंपन्यांत त्या दिवशी नोकरीत नसलेल्याला तो मिळत नाही. गेल्या वर्षी १४ लाख होता म्हणता. यंदाही तेवढाच आला तर कर जाऊन साधारण १० लाख हातात येतील. त्यात फंडातले २१ लाख घालून कर्ज मिटवा. विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागेल, म्हणून थोडे युनिट ३१ मार्चआधी आणि उरलेले एप्रिलनंतर विका. फंड शेअरचे आणि वर्षाहून जुने असतील तर दोन आर्थिक वर्षांची सवा-सवा लाखाची सूट मिळेल. हप्ता गेला की खर्च ८७,०००, पत्नीचा पगार ६२,०००, तूट महिना २५,०००, म्हणजे वर्षाला ३ लाख. तुमची ९ लाखांची एफडी म्हणजे नेमकी तीन वर्षं. उरलेले ३७ लाख, त्यातून कर वजा, मुलीच्या कॉलेजचे आणि तुमच्या म्हातारपणाचे. ते गहाण ठेवायचे नाहीत. पीएफही काढू नका.

हे पत्नीला कागदावर मांडून दाखवा. तीन वर्षं घर त्यांच्या पगारावर उभं राहणार आहे आणि तुमच्या पत्रात त्यांचं मत कुठेच नाही.

आणि एक. कंपनीचा आरोग्य विमा राजीनाम्यासोबत संपेल. तुम्हाला रक्तदाबाची गोळी चालू आहे. आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. स्वतःची पॉलिसी याच महिन्यात घ्या, अर्जात गोळीचं नाव लिहून.