आक्षेपार्ह लाइनमन नव्हे, धुरीण!

लॉस एंजेलिसच्या एका वाचकांची अमेरिकन फुटबॉलबद्दलची विचारणा अशी: '2024च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, आमच्या चार्जर्स संघानं पहिल्या फेरीत, एकूण पाचव्या क्रमांकावर, जो ऑल्ट हा ऑफेन्सिव्ह टॅकल घेतला. चेंडू झेलणारा हाताशी असताना फळीतला माणूस का घेतला, यावर आम्हा मराठी चाहत्यांचा वाद अजून मिटलेला नाही. पण वाद मराठीत घालायला शब्द नाहीत. फोनमधलं भाषांतर "आक्षेपार्ह लाइनमन" असं देतं. एक स्नेही "पकडपटू" म्हणा म्हणतात, दुसरे "धुरकरी". बरोबर काय? आणि जो कुणालाच खाली पाडत नाही, त्याला टॅकल का म्हणतात?'

'आक्षेपार्ह लाइनमन' हा प्रकार आता सर्रास दिसतो, आणि दर वेळी मस्तकात तिडीक जाते. आक्षेप कशावर? साडेसहा फुटांच्या त्या पोरानं काय वाईट केलंय? आणि मराठीत लाइनमन म्हणजे विजेच्या खांबावर चढून तार जोडणारा. दोन्ही शब्द मिळून 'खांबावरून शिव्या देणारा वायरमन' एवढाच अर्थ निघतो. यंत्राला कळत नाही हे एक वेळ समजू शकतं; पण अमेरिकन माणूस उच्चारातच फरक करतो, तो तरी कानांनी टिपावा. गुन्हा किंवा अपमान या अर्थी तो 'ऑफेन्स'चा जोर दुसऱ्या अक्षरावर देतो, खेळातल्या अर्थी पहिल्यावर. मूळ लॅटिन धातू एकच, आपटण्याचा, ठोकण्याचा. 'डिफेन्स'ही त्यातलाच. आपल्याकडे कबड्डीनं हा प्रश्न कधीच सोडवला आहे: चढाई आणि बचाव. ऑफेन्स म्हणजे चढाई, लाइन म्हणजे पुढे उभी राहून समोरच्यांना अडवणारी फळी. 'चढाईची फळी' म्हटलं की कुणालाही कळतं. पुढे जाऊ.

ड्राफ्टला 'मसुदा' म्हणणारेही याच माळेतले मणी. मसुदा हा अरबी शब्द, मुळात 'काळा केलेला': शाईनं गिरबटलेला कच्चा कागद. त्याची पांढरी, म्हणजे स्वच्छ केलेली प्रत ती 'मुबय्यदा'. उर्दू शायरांची 'बयाज' ही वही याच पांढरेपणातून आली. गोड शब्द आहे, पण इथे कामाचा नाही. इंग्रजी ड्राफ्ट हा 'ओढणे'पासून आलेला. घोळक्यातून माणूस ओढून काढायचा. लिलाव तर मुळीच म्हणू नका. आयपीएलमध्ये बोली लागते, इथे बोली नाही, पाळी असते: 32 संघ, सात फेऱ्या, आणि आदल्या हंगामात सगळ्यांत मागे राहिलेल्याची पाळी आधी. पाळीची अदलाबदल करता येते, पण पैसे मोजून खेळाडू उचलता येत नाही. गल्लीतली पोरं नाणं उडवून भिडू वाटून घेतात, तेच हे. 'भिडूवाटप' हा शब्द मी बिनदिक्कत सुचवतो. कुणाला पोरकट वाटला तर वाटो.

आता टॅकल. हा शब्द जर्मन-डच किनाऱ्यावरचा, 'टाकेल' म्हणजे जहाजाचं दोरदोरखंड, कप्प्या, सरंजाम. मासे धरण्याच्या गळ-दोरीच्या सामानालाही इंग्रजीत टॅकल म्हणतात ते त्यामुळेच. तिथून तो शब्द घोड्याच्या सामानावर आला. घोडा टॅकल करणे म्हणजे घोड्याला पट्टे, लगाम चढवून गाडीला जुंपणे. त्यातून पकडणे, भिडणे, आणि मग खेळात समोरच्याला धरून पाडणे. फळीतल्या जागेला हे नाव पडलं त्या काळी तेच अकरा गडी चढाईही करत आणि बचावही. तेव्हा टॅकल म्हणून फळीत उभा राहिलेला माणूस चेंडू समोरच्यांकडे गेला की खरोखरच गडी पाडायचा. व्यावसायिक खेळात 1950पासून हवे तेवढे खेळाडू बदलायची मुभा कायमची झाली, दोन वेगळ्या तुकड्या पडल्या, काम गेलं आणि नाव राहिलं. आपल्या देशपांड्यांसारखं: वतन गेलं, आडनाव आहेच.

म्हणूनच 'पकडपटू' ही सूचना वाचून हसू आलं. कबड्डीत टॅकल म्हणजे पकड हे खरं. पण चढाईच्या फळीतल्या माणसानं समोरच्याला पकडलं तर तो फाउल, आणि दंड 10 यार्डांचा! तळहात त्याच्या छातीवर टेकवायचे, ढकलायचं, अडवायचं. पण हात बाहेरून घालून जर्सी मुठीत धरली, की पंचांचा पिवळा रुमाल पडलाच. पकडपटू म्हणणं म्हणजे माणसाला त्याच्या गुन्ह्याच्या नावानं हाक मारणं.

'धुरकरी' सुचवणाऱ्यांचं मात्र अर्धं चुकलं आणि अर्धं असं बरोबर आहे की त्यांना स्वतःला त्याची कल्पना नसावी. धुरकरी म्हणजे गाडीच्या धुरेवर बसून जनावरं हाकणारा. विदर्भातल्या शंकरपटात विचारा: धुरकरी बैल नसतो, जोडी पळवणारा माणूस असतो. फुटबॉलात तो क्वार्टरबॅक, चेंडू फेकून चढाई चालवणारा, म्हणजे चार्जर्सचा जस्टिन हर्बर्ट. ज्याच्या खांद्यावर धुरा आहे, त्याचं नाव वेगळं आहे, आणि ते आपण रोज वापरतो, चुकीच्या अर्थानं. धुरीण! 'समाजधुरीण', 'सहकारातले धुरीण' असं लिहिताना डोळ्यांपुढे येतो तो फेटा बांधून व्यासपीठावर बसलेला माणूस. 'धुरंधर'चं तर त्याहून वाटोळं झालं. त्याचा अर्थ आता 'बेरकी' असा झालाय. धुर म्हणजे जू, गाडीचा जनावरांकडचा, ओझ्याचा भाग. धुरंधर म्हणजे ते धरणारा, धुर्य म्हणजे ते वाहणारा. थोडक्यात, बैल. नेता हा पुढचा, लाक्षणिक अर्थ. 'धुरळा उडवतो तो धुरंधर' ही एका व्याख्यानात प्रसवलेली आणि आता सगळीकडे फिरणारी व्युत्पत्ती शुद्ध थाप आहे. धूम वेगळा, धूलि वेगळी, धुर् वेगळी.

यास्काचं निरुक्त, म्हणजे वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीचा जुना ग्रंथ, याबाबत फार मजेशीर आहे. धुर् शब्द तो दोन तऱ्हांनी सोडवतो. एक म्हणजे धारण करण्यावरून, जे कुणालाही सुचेल. दुसरं, इजा करण्याच्या धातूवरून, कारण 'विहन्ति वहम्': जू बैलाचा खांदा दुखावतं. आजच्या भाषाशास्त्राला हे पटो न पटो, पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळण करणाऱ्याला लगेच पटेल. तूप-हळद लावून वर्षभर जू वाहिलेला खांदा चोळतात तो का? खांदेसूज ही काय चीज आहे हे बैल बाळगणाऱ्याला सांगावं लागत नाही. आणि फळीतल्या टॅकलला दुखतं कुठे? खांदा, गुडघा, घोटा. बैलाचीच यादी.

पण खरा खजिना पाणिनीकडे आहे. चौथ्या अध्यायाच्या चौथ्या पादात जनावरांच्या जुंपणीची सूत्रं ओळीनं येतात. 'धुरो यड्ढकौ' (4.4.77): यातून धुर्य आणि धौरेय. पुढचं 'खः सर्वधुरात्' (4.4.78): सर्वधुरीण, म्हणजे कुठल्याही धुरेला चालणारा. त्यापुढचं 'एकधुराल्लुक् च' (4.4.79): एकधुरीण किंवा नुसता एकधुर, म्हणजे एकाच धुरेच्या कामाचा. आणि काशिकावृत्ती ही पाणिनीवरची टीका मधल्या सूत्रातला 'खः' हा प्रत्यय सुटा करून आणखी दोन शब्द पदरात टाकते: उत्तरधुरीण आणि दक्षिणधुरीण. पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं की डावा हात उत्तरेला, उजवा दक्षिणेला. डाव्या बाजूला जुंपायचा तो उत्तरधुरीण, उजव्या बाजूला तो दक्षिणधुरीण. लेफ्ट टॅकल आणि राइट टॅकल! आयते, व्याकरणशुद्ध, हजार वर्षांहून जुने. अन् आम्ही 'आक्षेपार्ह' म्हणत बसलोय.

कुणी म्हणेल, अमेरिकन समालोचक सरळ पुढे धावणाऱ्याला 'उत्तर-दक्षिण धावणारा' म्हणतात, गोंधळ होईल. होऊ दे. त्यांची उत्तर गोलरेषेकडे, आपली डाव्या हाताला. शिवाय ज्यांना संस्कृत जड वाटतं त्यांच्यासाठी बाजारातला शब्द आहेच: डाव्या खांद्याचा, उजव्या खांद्याचा, आणि दोन्ही खांद्यांना चालणारा. बैल विकणारा हा शेवटचा गुण मुद्दाम सांगतो, कारण डाव्या बाजूला चालायची सवय झालेला बैल उजव्या बाजूला जुंपला की बावचळतो, जोडीदाराला रेटतो, तास वाकडं जातं.

टॅकलचं नेमकं हेच होतं. लेफ्ट टॅकल उभा राहतो डावा पाय मागे ठेवून, आणि चेंडू हलताच त्याच डाव्या पायानं मागे-बाहेर सरकत जातो. उजवा पाय ओढत येतो. बाहेरचा, म्हणजे डावा, हात धावून येणाऱ्याला वळसा घालू देत नाही. उजवीकडे नेलं की हे सगळं आरशातल्यासारखं उलटतं. पाय गुंतले की पहिलं पाऊल उशिरा पडतं, मग कंबर वळते, छाती उघडी पडते आणि समोरचा आतल्या बाजूनं घुसतो. हर्बर्ट उजव्या हातानं फेकतो, म्हणजे फेकताना त्याची पाठ डावीकडे. त्या न दिसणाऱ्या बाजूचा राखणदार म्हणून डाव्या टॅकलचा भाव जास्त.

जो ऑल्ट नोत्र दाम विद्यापीठात उत्तरधुरीण होता. चार्जर्सकडे डावीकडे रशॉन स्लेटर आधीच होता, त्यालाही 2021मध्ये पहिल्याच फेरीत, तेराव्या क्रमांकावर घेतलेलं. म्हणून ऑल्ट उजवीकडे गेला, दक्षिणधुरीण झाला. 2025च्या ऑगस्टमध्ये स्लेटरच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला आणि ऑल्टला परत डावीकडे जुंपावं लागलं. सर्वधुरीण! मग त्याचाही घोटा गेला. विहन्ति वहम्, फक्त खांद्याऐवजी घोटा. वडील जॉन ऑल्ट हेही कॅन्सस सिटीचे टॅकल, 1984च्या पहिल्याच फेरीतले. बैलबाजारात याला 'घराण्याचा' म्हणतात.

वादाचं विचारलंय, तर त्याचे शब्दही सांगून टाकतो. 'निवड घालवली' म्हणणाऱ्यांचं म्हणणं समजण्यासारखं आहे. त्याच वसंतात झेलणाऱ्यांपैकी कीनन ॲलन शिकागोला दिला गेला, माइक विल्यम्सला सोडलं, आणि तसाच झेलणारा मलीक नेबर्स समोर होता; सहाव्या क्रमांकावर तो जायंट्सनी घेतला आणि पहिल्याच हंगामात त्यानं 109 चेंडू झेलून 1,204 यार्ड केले. चार्जर्सनी दुसऱ्या फेरीत, 34व्या क्रमांकावर लॅड मॅकॉन्की घेतला, त्याचे 1,149. फरक 55 यार्डांचा! इथे 'घालवली' हे क्रियापद बसत नाही. 'खर्ची घातली' म्हणा. घालवण्याचं अस्सल उदाहरण 1989चं आहे: ग्रीन बे पॅकर्सनी दुसऱ्या क्रमांकावर टोनी मँडरिच हा टॅकल घेतला, आणि तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या क्रमांकावर गेलेले बॅरी सँडर्स, डेरिक थॉमस आणि डिऑन सँडर्स हे तिघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले.

उलट बाजूला सिनसिनाटी. 2021मध्ये तिथल्या बेंगल्स संघाचा धुरकरी जो बरो याचा गुडघा नुकताच फाटलेला, सगळं गाव म्हणत होतं पेनेई सूल हा टॅकल घ्या. बेंगल्सनी पाचव्या क्रमांकावर घेतला जमार चेस, झेलणारा. सूल सातव्या क्रमांकावर डेट्रॉइटला गेला. चेसच्या जोरावर बेंगल्स थेट सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत पोचले, आणि तिथे बरोला सात वेळा चेंडूसकट लोळवलं. सामना 23-20 असा हातचा गेला. दोन्ही बाजू हाच सामना आपापला पुरावा म्हणून सांगतात. धुरकरी आणि धावणारं जनावर दोन्ही उत्तम, पण धुरेला कुणी नाही, अशा गाडीचं हे वर्णन आहे.

फळीतल्या माणसाला झेल नाहीत, यार्ड नाहीत. 50 ते 79मधला अंक पाठीवर असला, तर पंचांकडे आधी वर्दी दिल्याखेरीज त्याला पास झेलताही येत नाही. त्यामुळे त्याची पारख बाजारातल्यासारखीच होते: दात पाहायचे, वशिंड पाहायचं, चाल पाहायची. इथे दातांच्या जागी हाताची लांबी. 2025मध्ये न्यू इंग्लंडनी चौथ्या क्रमांकावर विल कॅम्पबेल घेतला तेव्हा सारं भांडण त्याचे हात 33 इंचांच्या आत की बाहेर, यावर. आखूड हाताचा टॅकल आतल्या जागेवर, गार्ड म्हणून चालतो, कडेला मार खातो असा त्या मंडळींचा ठोकताळा. एकधुरीण, दुसरं काय!

एवढं लिहिताना मूळ प्रश्न मागे पडला. तर: ऑफेन्सिव्ह लाइनमन म्हणजे धुरीण, पाचही जण. कडेचे दोघे हवे तर डावा धुरीण, उजवा धुरीण. क्वार्टरबॅक धुरकरी. ड्राफ्ट म्हणजे भिडूवाटप. आणि लिहिताना री दीर्घ, ण बाणातला. 'धुरिन' असं दिसलं तर वाचू नका.