माझ्या बुंदीच्या ऑपरेशनची तारीख सोसायटी ठरवणार का?

मागच्या अंकात कुत्र्यांच्या नसबंदीविषयी जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी गोचिडांपासून मांजरांच्या केसगळतीपर्यंत बाकी सगळं बाजूला ठेवलं आहे. ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या प्राण्यांच्या दवाखान्याला यंदा चोवीस वर्षं होतील. तिथल्या टेबलावर जे पाहिलं, त्याच्या जोरावर ही उत्तरं देते आहे.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो, मानपाड्याला राहतो. आमच्याकडे सात महिन्यांची लॅब्राडोर मादी आहे, बुंदी. सोसायटीच्या वार्षिक सभेत ठराव येतो आहे : सहा महिन्यांवरच्या प्रत्येक कुत्र्याच्या नसबंदीचा दाखला कमिटीकडे जमा करायचा, नाहीतर कुत्र्याला लिफ्टबंदी आणि महिना दोन हजार दंड. मुलगी ॲडलेडला असते. ती म्हणते, ‘बाबा, इथे तर कायदाच आहे, करून टाका.’ बायको म्हणते, मुक्या जनावराच्या पोटावर सुरी कशाला? मी काय करू?

उत्तर : काका, आधी ठरावाचं सांगते. लिफ्टबंदी आणि दंड, दोन्ही त्यांना लावता येणार नाहीत. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक आहे. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की सभेत बहुमत असलं तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही. त्याची प्रत काढून सभेला न्या. मात्र त्याच सभेत एक गोष्ट आपणहून कबूल करा : बुंदी आवारात पट्ट्याशिवाय फिरणार नाही, तिची घाण तुम्ही उचलाल, रेबीजच्या लसीचा दाखला आणि महापालिकेचा परवाना कमिटीला दाखवाल. एवढं मागायचा शेजाऱ्यांना हक्क आहे. कुत्रा पाळणारे आपण यातलं निम्मंही करत नाही, म्हणून असे ठराव येतात.

मुलगी म्हणते ते खरं आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात, म्हणजे ॲडलेड ज्या राज्यात आहे तिथे, १ जुलै २०१८ नंतर जन्मलेल्या कुत्र्या-मांजरांची नसबंदी सहा महिन्यांच्या आत करावी लागते. पण नोंदणीकृत ब्रीडरना, म्हणजे पैदास करणाऱ्यांना, त्यातून सूट आहे आणि एखाद्या प्राण्याच्या तब्येतीला ते सोसणार नसेल तर पशुवैद्यही सूट देऊ शकतो. आपल्याकडे २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत पाळीव प्राण्याचे जंत, लसी आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी म्हटली आहे, पण अमुक महिन्याच्या आत करा असं बंधन त्यात नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना एक पत्र पाठवलं होतं. पिटबुल, रॉटवायलर अशा २३ जातींची विक्री थांबवा आणि ज्यांच्या घरी ती कुत्री आधीपासून आहेत त्यांची नसबंदी करा, असं त्यात होतं. संबंधितांचं ऐकून न घेता काढलं म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयाने ते एप्रिलमध्येच रद्द केलं. लॅब्राडोर त्या यादीत नव्हताच.

आता काकूंच्या प्रश्नाकडे येते, कारण खरा प्रश्न त्यांचाच आहे.

कोपरीची एक पांढरी स्पिट्झ होती, नऊ वर्षांची. गणपतीत, पाचव्या दिवशी रात्री साडेदहाला आणली. घरचे म्हणाले, ‘काही नाही हो डॉक्टर, दोन दिवस नुसतं पाणी पितेय. मोरीतली बादलीसुद्धा चाटते.’ पोटाला हात लावला तर ते नगाऱ्यासारखं ताणलेलं. शेपटी उचलली तर आतले केस चिकटलेले आणि तो वास, जो एकदा घेतला की विसरत नाही. गर्भाशयात पू झाला होता. माज संपल्यावर काही आठवड्यांत हे होतं, आणि मादीचं वय वाढेल तसा धोका वाढतो. रात्रीच पोट उघडलं. बोटाएवढं असायचं ते गर्भाशय माझ्या मनगटाएवढं झालं होतं. ती वाचली, पण किडन्या आधीच थकल्या होत्या, त्यामुळे पुढचं दीड वर्षच मिळालं. स्वीडनमध्ये माद्यांची नसबंदी फारशी करत नसत, म्हणून तिथल्या विम्याच्या नोंदींतून हे नीट मोजता आलं : दहा वर्षांची होईपर्यंत साधारण चार-पाच माद्यांमागे एकीला हा आजार होतो. काकूंना सांगा, सुरीला घाबरून राहिलं तर पुढे हीच सुरी म्हातारपणी, तापात, मध्यरात्री लागू शकते.

मग सातव्या महिन्यातच का नको? कारण बुंदी लॅब आहे. हाडांची वाढ थांबवायचा निरोप बीजांडकोशांतून (नरांत वृषणांतून) येणारी संप्रेरकं देतात, आणि नसबंदीत तीच जातात. ती लवकर काढली की मोठ्या जातींची हाडं थोडी जास्त लांबतात आणि सांध्यांचा तोल बिघडतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१३ मध्ये ७५९ गोल्डन रिट्रीव्हरांच्या नोंदी तपासल्या. नसबंदी न झालेल्यांत गुडघ्याचा लिगामेंट तुटल्याचं एकही प्रकरण नव्हतं. वर्षाच्या आत नसबंदी झालेल्यांत मात्र नरांत सुमारे ५ आणि माद्यांत सुमारे ८ टक्के होतं. २०२० मध्ये त्याच गटाने पस्तीस जातींचा अभ्यास छापला. बहुतेक छोट्या जातींत सांध्यांचा हा धोका वाढलेला दिसला नाही, आणि मादी लॅबला वर्ष उलटू द्यावं असा सल्ला निघाला.

हे मला पूर्वी माहीत नव्हतं. २००९ च्या सुमाराला एका गोल्डनची नसबंदी मी पाचव्या महिन्यात केली, मालकांना घाई होती म्हणून. तिसऱ्या वर्षी त्याचा मागचा पाय गेला. माझ्यामुळेच गेला असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, पण तो लंगडत दवाखान्याची पायरी चढायचा तेव्हा मला त्याच्याकडे बघवत नसे. म्हणून सहा महिन्यांची एकच रेघ सगळ्या कुत्र्यांवर ओढणारा नियम मला मान्य नाही, मग तो सोसायटीचा असो की सरकारचा.

बुंदीचा पहिला माज होऊ द्या. साधारण तीन आठवडे चालेल. तेवढे दिवस तिला गर्दीच्या वेळी खाली नेऊ नका, पट्टा हातातून सोडू नका, आणि वॉचमनला सांगून ठेवा, कारण गेटवर बाहेरचे नर येऊन बसतील. माज संपल्यावर अडीच-तीन महिन्यांनी, वर्ष उलटलेलं असेल तेव्हा, ऑपरेशन करा. नंतर खाणं पाऊण करा. नसबंदीनंतर भूक वाढते आणि गरज घटते. लॅब आणि पोळीचा तुकडा ही जोडी मी फार सांध्यांचा नाश करताना पाहिली आहे.

प्रश्न : आम्ही नेरूळला राहतो. पाम बीच रोडच्या कडेला सापडलेला देशी काळू आता नऊ महिन्यांचा आहे. पावसाळ्यात दोनदा दार उघडं बघून पळाला. मला नसबंदी करायची आहे. हे म्हणतात, त्याचं पुरुषपण जाईल, तो मरगळेल, घर राखणार नाही.

उत्तर : ताई, करून घ्या, या महिन्यातच. देशी कुत्रा, नऊ महिने पूर्ण, वर पळायची सवय. यात थांबण्यासारखं काही नाही. माजावरच्या मादीचा वास नराला फार लांबून येतो, आणि त्या वासामागे निघालेला कुत्रा पाम बीच रोडवरच्या गाड्या बघत नाही. रस्त्यावरच्या संगातून जननेंद्रियावर गाठ येणारा एक संसर्गजन्य कर्करोगही आपल्याकडे सर्रास दिसतो. त्याला आठवड्याला एक अशी केमोथेरपीची इंजेक्शनं द्यावी लागतात.

त्यांना एवढंच सांगा की अनोळखी माणूस दाराशी आला की भुंकणं वृषणांतून येत नाही. काळू भुंकेल. कमी होईल ते भटकणं, दिसेल तिथे तंगडी वर करणं आणि इतर नरांशी भांडणं, तेही हळूहळू, काही आठवड्यांनी. तोवर त्याला माद्यांपासून लांबच ठेवा, ऑपरेशननंतर थोडे दिवस तो पिल्लं देऊ शकतो. एक मात्र खरं : जो कुत्रा भीतीने चावतो त्याची भीती नसबंदीने जात नाही.

प्रश्न : कोपरखैरण्यात शेजारच्या पाळीव कुत्र्याने माझ्या सात वर्षांच्या मुलाच्या पोटरीचा लचका तोडला. मालक म्हणे, ‘तो कधी चावत नाही.’ तुम्ही प्राणिप्रेमी मंडळी नेहमी कुत्र्यांची बाजू घेता. सगळ्या कुत्र्यांची सक्तीने नसबंदी करा, नाही केली तर मालकाला आत टाका. चूक काय आहे यात?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मुलाच्या लसीचे सगळे डोस पुरे करा, एकही चुकवू नका. लचका तुटला असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) दिलं की नाही हे डॉक्टरांना आजच विचारा. इतर वाचकांसाठीही लिहिते : कुत्रा चावला की आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं, मग दवाखाना. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. कुत्रा पाळीव आहे, लस झालेली आहे, या भरवशावरही थांबायचं नाही.

तुमचा राग योग्य माणसावर आहे. फक्त शिक्षा चुकीच्या गोष्टीची मागता आहात असं मला वाटतं. तो कुत्रा नसबंदी झालेला असता तरी मोकळा सोडलेला कुत्रा लहान मुलाच्या अंगावर जाऊ शकतो. त्या मालकाचा गुन्हा पट्टा न लावण्याचा आहे. दंड तिथे हवा, सणसणीत हवा, आणि ‘तो कधी चावत नाही’ हे वाक्य कोणी ऐकून घेऊ नये.

नॉर्वेत बघा. तिथला कायदा सबळ कारणाशिवाय निरोगी जनावरावर शस्त्रक्रिया करू देत नाही, म्हणजे सरसकट नसबंदी तिथे चालत नाही. तरी तिथल्या रस्त्यांवर भटकी कुत्री नाहीत, कारण कुत्रा कोणाचा हे माहीत असतं आणि त्याला धरून ठेवणं हे मालकाचं काम समजलं जातं. १ एप्रिलपासून २० ऑगस्टपर्यंत तर तिथे पट्टा कायद्यानेच सक्तीचा असतो. आपण नॉर्वे नाही, हे मलाही कळतं. आपल्या रस्त्यांवरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण झपाट्याने व्हायलाच हवं. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ ला तेच सांगितलं : नसबंदी आणि लस करून कुत्री मूळ जागी सोडा, पिसाळलेली आणि आक्रमक सोडू नका, खायला ठरलेल्या जागीच घाला. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातली कुत्री हलवायलाही सांगितलं.

पण पाळीव कुत्र्यांचा कायदा करायचाच असेल तर मी तो विकणाऱ्यापासून सुरू करीन. २०१७ चे कुत्रा-पैदास नियम आहेत : ब्रीडरची नोंदणी हवी, आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायचं नाही, मादीला अठरा महिन्यांआधी फळवायचं नाही, वर्षाला एकापेक्षा जास्त वेत नको, आयुष्यात पाचांपेक्षा जास्त नको. माझ्याकडे येणारी पिल्लं पाहा. पाच आठवड्यांची, पोटं जंतांनी फुगलेली, फोनवर फोटो दाखवून विकलेली आणि स्टेशनबाहेर पिशवीतून हातात दिलेली. त्यातला हस्की ठाण्याच्या उकाड्यात वर्षभरात नकोसा होतो आणि येऊरच्या रस्त्याला कोणीतरी सोडून येतं. जंगलाला लागून सोडलेला असा कुत्रा बिबट्याच्या तोंडी जायला वेळ लागत नाही. नसबंदीचा दाखला कोणाकडे मागायचा आणि किती वयात, हा वाद आपण नंतर घालू. विकणाऱ्याचं नाव, पिल्लाच्या मानेत मायक्रोचिप आणि घेणाऱ्याच्या नावे परवाना, एवढं आधी झालं तर तुमच्या शेजाऱ्यासारख्यांना हात झटकता येणार नाहीत.

प्रश्न : मी कळव्याला नववीत शिकते. आमची स्पिट्झ चिंगी सव्वा वर्षाची आहे. बाबा ऑपरेशन करायचं म्हणतात. आजी म्हणते, एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, नाहीतर जनावराचा तळतळाट लागतो. मला पिल्लं खूप आवडतात. आजीचं बरोबर आहे का?

उत्तर : बाळा, आजीची माया बरोबर आहे. तिच्या लहानपणी दारातल्या कुत्रीला पिल्लं झाली की शिरा करून घालत, ते तिने पाहिलं असेल. पण एकदा व्याल्याने मादीची तब्येत सुधारते हे खरं नाही. चिंगी मनात बाळांची वाट बघत बसत नाही. तिला तू शाळेतून कधी येतेस याची वाट असते. आणि तिच्यासारख्या छोट्या मादीत पिल्लू अडकलं तर पोट फाडून काढावं लागतं.

एका मे महिन्यात सकाळी शटर उघडायला गेले तर पायरीवर हापूसची पेटी होती. आत पेंढा, आणि पेंढ्यात पाच पिल्लं, डोळे नुकतेच उघडलेले. पेंढ्याला अजून आंब्याचा वास होता आणि ती पाचही त्यात तोंडं खुपसून दूध शोधत होती. मी आणि माझी मदतनीस दर तीन तासांनी बाटली द्यायचो. दोन गेली. दोघांना घरं मिळाली. एक आमच्या रिक्षा स्टँडवर वाढली, तिची नसबंदी मीच केली. कोणाच्या तरी घरी ‘एकदा तरी होऊ दे’ म्हणून ती पाच जन्मली असतील. चिंगीला पाच झाली तर तुझ्या ओळखीची पाच घरं आत्ता वहीत लिहून बघ. त्या घरांतल्या मोठ्यांना विचारून लिही, मैत्रिणींना नाही.

चिंगी शेवटची माजावर कधी आली ती तारीख बाबांना विचार. त्यानंतर तीन महिने मोजा आणि तिला घेऊन या. आदल्या रात्री दहानंतर खायला द्यायचं नाही. आजीलाही बरोबर आण. भूल उतरताना ओळखीचा हात डोक्यावर असला की कुत्री कमी घाबरतात, आणि आजीचा हात चिंगीच्या चांगला ओळखीचा असणार.