परसबागेसाठी ज्येष्ठ नागरिक योजनेचं खातं मोडावं का?

बार्शीहून एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं आहे. वय 62. पेन्शनमध्ये दोघांचं घर चालतं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 12 लाख आहेत, खात्याला दोन वर्षं पूर्ण झाली आहेत आणि व्याज बचत खात्यात साठत जातं. घरामागे अर्धा गुंठा मोकळी जागा आहे. तिथं लोखंडी सांगाड्याचं शेडनेट (85 हजार), भाजी वाळवायला सोलर ड्रायर (40 हजार) आणि डीप फ्रीझर (25 हजार) असा दीड लाखाचा बेत आहे. भाजीला महिन्याला साडेतीन हजार जातात, ते वाचले तर चार वर्षांत पैसे वसूल होतील, असा त्यांचा हिशेब आहे. खातं मोडू का, असं त्या विचारतात.

ताई, बाग जरूर करा. पण खात्याला हात लावू नका.

आधी खात्याचं बघू. या योजनेतून थोडी रक्कम काढता येत नाही. दीड लाखासाठी 12 लाखांचं अख्खं खातं बंद करावं लागेल. दोन वर्षांनंतर मुदतीआधी बंद केलं तर मुद्दलाच्या 1 टक्का कपात होते, म्हणजे 12 हजार गेले. उरलेले पैसे पुन्हा गुंतवले तर पाच वर्षांची मुदत नव्यानं सुरू होईल. शिवाय 8.2 टक्क्यांनी दीड लाखाचं वर्षाचं व्याज 12,300 रुपये होतं, तेही थांबेल. म्हणजे बागेनं आधी वर्षाला 12,300 भरून काढायचे आणि मग पुढचं बोलायचं.

आता बाग किती देईल? साडेतीन हजारांतून कांदे, बटाटे, लसूण, आलं आणि लिंबं वगळा. ही तुम्ही अर्ध्या गुंठ्यात लावणार नाही, लावूही नका. माझ्या अंदाजानं उरतील 2,300. त्यातली निम्मी भाजी बागेतून आली तरी मी तुमचं कौतुक करीन. एप्रिल ते जून बार्शीच्या उन्हात आणि पाण्याच्या ओढीत बाग जवळजवळ बंदच राहील, म्हणून नऊ महिने धरतो. वर्षाला दहा-साडेदहा हजारांची भाजी झाली. बियाणं, शेणखत आणि फ्रीझरचं वीजबिल वजा केल्यावर पाच हजार उरले तरी पुष्कळ. टँकर मागवावा लागला तर तेवढेही नाहीत. शेडनेटचं कापड उन्हानं काही वर्षांत फाटतं, ते बदलायचा खर्च मी यात धरलेलाच नाही.

2023 च्या जुलैत टोमॅटो दीडशेवर गेला, घरचा असता तर किती वाचले असते, असं तुम्ही लिहिलंय. तो भाव मलाही आठवतो. पण जुलैत टोमॅटो हवा तर रोप एप्रिलमध्ये लावावं लागतं आणि मेच्या उन्हात त्याचा फुलोरा गळतो. बाजारातला माल तेव्हा कमी येतो त्यामागेही उन्हाळाच असतो, आणि तुमची बाग त्याच उन्हात आहे. उलट तुमच्याकडे टोपल्या भरतील त्या डिसेंबर-जानेवारीत, बाजारात भाजी स्वस्त असते तेव्हा. घरच्या भाजीची बचत त्या दिवशीच्या बाजारभावाएवढीच असते.

म्हणूनच साठवणुकीचा तुमचा विचार मला मनापासून आवडला. त्यासाठी चाळीस हजारांचं यंत्र मात्र कशाला? मार्च-एप्रिलची बार्शीची कोरडी हवा आणि गच्ची हाच तुमचा ड्रायर. कोकणातल्या दमट हवेत राहत असतात तर मी वेगळं सांगितलं असतं. गवारीच्या शेंगा, वांग्याच्या चकत्या उन्हात, वर जुनं सुती पातळ झाकून. मेथी मात्र सावलीत, नाहीतर रंग जातो. धणे-मेथी भरून, ताकात बुडवून सांडगी मिरची करा. कोहळ्याचा वेल चढवलात तर सांडगे. टोमॅटो वाळवायच्या नादी लागू नका. त्यात 95 टक्के पाणीच असतं, दहा किलोचे अर्धा किलो होतात.

एक कळकळीनं सांगतो. शिजवलेल्या भाज्या हवाबंद बरण्यांत भरून फडताळात ठेवायचे जे व्हिडिओ फिरतात, ते करू नका. आंबटपणा नसलेल्या भाजीत बॉट्युलिझमचं, म्हणजे जीवघेण्या विषबाधेचं, विष तयार होऊ शकतं, आणि ते वासावरून कळेलच असं नाही. लोणच्यातलं मीठ, तेल आणि आंबट यांचं प्रमाण आपल्या आज्यांनी उगाच ठरवलं नव्हतं.

ड्रायरसारखाच डीप फ्रीझरही विकत घ्यायची गरज नाही. जानेवारीत मटार स्वस्त झाला की बाजारातून आठ-दहा किलो आणा, सोला, उकळत्या पाण्यातून दोन मिनिटं काढा, गार करा आणि फ्रीजच्याच वरच्या कप्प्यात ठेवा. पिकवलं नाही तरी साठवता येतं, आणि या व्यवहारात बागेपेक्षा जास्त वाचेल.

मग करायचं काय? तुमच्या खात्यावर तिमाहीला 24,600 रुपये व्याज येतं. त्यातल्या एका तिमाहीचे 18 हजार बागेला द्या. बांबूंवर शेडनेटचा एक तुकडा, उंचावर टाकी आणि ठिबकच्या नळ्या, शेणखत, बियाणं, वाळवणाचे ट्रे. पालेभाज्या आणि मिरची आधी लावा, कारण त्या रोज लागतात आणि लवकर येतात. मेथी महिन्याभरात खुडायला येते. कुंपणाला एक शेवगा आणि एक कढीपत्ता असू द्या. मुद्दल जागेवर राहील, आणि हे 18 हजार तीन-चार वर्षांत फिटतील असं मला वाटतं.

शेजारी विकत घेतील हे उत्पन्न यंदा हिशेबात धरू नका. वाळवणं विकायची तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. आधी घरचं पुरवठ्याला येतंय का ते पाहू.

बागेत हात घातल्याचा आनंदही आहे, मला तो खरा वाटतो. त्यासाठी दीड लाख घालायचे असतील तर व्याज साठवून दोन वर्षांनी घाला, पण ते परत येतील असं धरून घालू नका.

एक वही करा. रोज बागेतून काय आणि किती आलं, त्या दिवशी मंडईत त्याचा भाव काय होता, आणि खतपाण्याला किती गेले, एवढंच लिहा. मार्चअखेर ते आकडे मला पाठवा, मग सांगाड्याच्या शेडनेटबद्दल पुन्हा बोलू.