कमी विजेवर चालणारी उपकरणं डिझाइन करायची, तर शिकायचं काय?

प्रश्न : मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्यात जॉबर आहे. मुलगी इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. वीज वाचवणारी उपकरणं डिझाइन करायची म्हणते. यात नोकरी असते का, की तिला कॉम्प्युटरला घालू?
– एक पालक, सोलापूर

उत्तर : नमस्कार. तिला हेच करू द्या. या कामाला मागणी आहे, कारण मागे कायदा उभा आहे.

घरातला पंखाच बघा. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्याला बीईईचं (केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं) स्टार लेबल सक्तीचं झालं. पंखा मिनिटाला किती घनमीटर हवा देतो, त्याला लागलेल्या वॅटने भागायचं, त्यावर तारे. सक्ती आली तेव्हाच्या तक्त्यात १२०० मिलिमीटरच्या पंख्याला पाच ताऱ्यांसाठी हा आकडा किमान ६ हवा होता. जुना ७५ वॅटचा पंखा तिनाच्या आसपासच राहतो. बरं, हवा कमी करून वॅट वाचवावेत, तर किमान २१० घनमीटर द्यावीच लागते. म्हणजे तेवढी हवा ३५ वॅटमध्ये! साध्या इंडक्शन मोटरला हे झेपत नाही, म्हणून चुंबकाची, ब्रश नसलेली बीएलडीसी मोटर आली आणि तिच्याबरोबर ती चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट आलं. आता आपल्याकडच्या मे महिन्यात, तापलेल्या स्लॅबखाली ते सर्किट टिकवायचं कसं? डिझायनरचं खरं काम इथे सुरू होतं.

डिप्लोमानंतर तिने डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यावा, शाखा इलेक्ट्रिकलच. इलेक्ट्रिकल मशीन्स आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स पक्कं हवं. मायक्रोकंट्रोलरसाठी, म्हणजे सर्किट चालवणाऱ्या छोट्या चिपसाठी, सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा लागतेच, म्हणजे कॉम्प्युटर सुटत नाही. जमलं तर टेस्टिंग लॅबमध्ये अप्रेंटिसशिप करावी. लेबलवरचा आकडा मोजणीतूनच येतो, आणि मोजणारा हात डिझाइनमध्ये चुका कमी करतो, असा माझा अनुभव आहे. तीन महिन्यांच्या सर्टिफिकेट कोर्सवर मात्र पैसे घालू नका.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. सोलापुरात या नोकऱ्या थोड्या आहेत, सुरुवातीला पुण्याला जावं लागेल. तेव्हा तिला अडवू नका.

तोवर मालकांची परवानगी काढून तिला एकदा कारखान्यात न्या. वायरमनच्या देखरेखीखाली एकाच मागाची मोटर कापड विणताना किती वॅट घेते आणि नुसती फिरताना किती, हे तिला मोजू द्या. दोन्ही आकडे मला कळवा, फायनल इयरचा प्रोजेक्ट त्यावरच ठरवू.