टुंड्रावर गुडघे कुठे टेकशील?

प्रिय पोरी,

जुलैच्या सुरुवातीला कोलोरॅडोतल्या रॉकी माउंटन नॅशनल पार्कला जाणार आहेस हे वाचून फार आनंद झाला. कोणती लेन्स नेऊ, असं विचारलंस. ते सांगतोच, पण आधी तुझ्या गुडघ्यांबद्दल बोलू. बोटभर उंचीचं फूल दिसलं की फोटो काढणारा आधी गुडघे टेकतो, मग कोपरं, आणि बघता बघता आडवा होतो. कासच्या पठारावर हे तू पाहिलं आहेस. एका फुलाच्या फोटोपायी आजूबाजूची कितीतरी फुलं अंगाखाली जातात. कासची पुष्कळशी फुलझाडं निदान एका पावसाळ्यात आपलं आयुष्य पुरं करतात. तिथे वर टुंड्रावर, म्हणजे मोठी झाडं जिथे संपतात त्या रेषेच्या वरच्या थंड, उघड्या माळावर, मात्र बहुतेक सगळी फुलझाडं बहुवर्षायू, म्हणजे वर्षानुवर्षं जगणारी आहेत, आणि वाढायला त्यांना वर्षातून जेमतेम सहा आठवडे मिळतात.

मॉस कॅम्पियन बघ. जमिनीला चिकटलेली हिरवी गादी आणि तिच्यावर दाटीने उमललेली गुलाबी फुलं. बी रुजल्यापासून फुलायलाच तिला दहाएक वर्षं लागतात. तळहाताएवढी गादी दिसली, तर ती वयाने तुझ्याएवढी असू शकेल. अशा गादीवर कोपर टेकवून फोटो काढायचा? बिअट्रिस विलार्ड या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी १९५९ मध्ये याच पार्कात, रॉक कट इथे, जमिनीचे काही तुकडे कुंपण घालून राखले आणि तुडवलेला टुंड्रा कसा सावरतो याच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या. अनेक दशकं उलटली तरी ती जमीन पूर्ववत झाली नव्हती. म्हणूनच रॉक कटसारख्या काही ठिकाणी पायवाट सोडायलाच बंदी आहे. पाटी नसेल तिथेही खडकावरून खडकावर पाय टाक. आणि सोबत मंडळी असतील, तर एकामागोमाग एकाच रेषेत चालू नका, पांगून चाला. एका रेषेत चालल्यानेही नवी वाट पडते.

रॉक कटची वाट पक्की बांधलेली आहे, समुद्रसपाटीपासून बारा हजार फुटांवर. तिच्या अगदी कडेलाच इतकी फुलं असतात की आत शिरायची गरजच पडू नये. फोटो काढायचा तो वाटेवर बसून. म्हणून शंभर मिलिमीटरची मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपणारी लेन्स ने, आणि सोबत ७०-३०० मिलिमीटरची झूमही. हातभर आत असलेलं फूल झूमने सुरेख मिळतं, मागची डोंगररांगही धूसर होऊन छान येते. कॅमेऱ्याचा स्क्रीन बाहेर वळत असेल तर तो वापर, म्हणजे झोपावं लागत नाही. ट्रायपॉडपेक्षा डाळ-तांदूळ भरलेली छोटी कापडी पिशवी बरी. वाटेवर किंवा दगडावर ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवायचा. विरळ हवेत धाप लागते आणि हात हलतो, तेव्हा ही पिशवी खरी कामाला येते.

आता वारा. तो थांबेल अशी आशा धरू नकोस, पण झुळकांच्या मध्ये क्षणभर उसंत मिळते. शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद ठेव, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता, वाढला तरी चालेल. लेन्सचं छिद्र एफ/८च्या आसपास ठेवलं की लहान फुलाचा पुढचा-मागचा भाग पुरेसा स्पष्ट येतो. फरगेट-मी-नॉटचं निळं फूल तांदळाच्या दाण्याएवढं आणि मध्ये पिवळा डोळा. फोकस त्या डोळ्यावरच हवा. भर उन्हात ती निळाई फिकी पडते. ढग येईपर्यंत थांब, नाहीतर छोटी पांढरी छत्री वर धर.

‘ओल्ड मॅन ऑफ द माउंटन’ हे मोठं पिवळं फूल तुला हमखास भेटेल. देठापानांवर पांढरी लव, आणि तोंड बहुतेक पूर्वेकडे, म्हणजे नेहमीच्या वाऱ्याकडे पाठ. हे झाड कित्येक वर्षं नुसतं साठवत राहतं, एकदाच फुलतं आणि मरतं. सकाळी ऊन थेट त्याच्या तोंडावर असतं, पण समोर उभी राहिलीस तर तुझीच सावली पडेल. जरा बाजूला बस, तिरक्या उजेडात ती लव एकेक केसासकट दिसते. फोटोत पिवळ्या पाकळ्या चटकन जळतात, म्हणजे जास्त उजेडाने त्यांचे बारकावे जातात, म्हणून एक्सपोजर थोडं कमी ठेव.

चालताना स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्यासारखा उग्र वास आला तर थांब आणि पायाखाली बघ. स्कायपायलट या जांभळ्या फुलांच्या झुडपाचं पान चिरडलं की तो वास सुटतो.

मध्ये येणारी काडी उपटू नकोस, पान दोऱ्याने मागे बांधू नकोस. जागा बदल किंवा दुसरं फूल शोध. जो फोटो पायवाटेवरून मिळत नाही तो सोडून दे, तिथे चांगल्या फुलांना तोटा नाही.

पहाटेच नीघ. उन्हाळ्यात तिथे दुपारी विजांचं वादळ नेहमीचं असतं, आणि झाडांच्या रेषेच्या वर आडोसा नसतो. दुपारच्या आत खाली उतरायचं, मग प्रकाश कितीही सुंदर असो. हातमोजे, लोकरी टोपी, भरपूर पाणी हवंच. उन्हाळ्यात पार्कात शिरायची वेळ आधी राखून ठेवावी लागते का, तेही आजच बघून घे.

तुझा,
काका