ठेवायची की काढायची? जुन्या स्पोर्ट गाड्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २००६ची आहे. १.८ टर्बो पेट्रोल, १ लाख ४२ हजार किलोमीटर झाले. सकाळी सुरू केली की मिस मारते, चढाला ओढत नाही, आणि मे महिन्यात पुण्याला जाताना टेंभुर्णीच्या पुढे तापमानाचा काटा वर गेला. गॅरेजने टर्बो, हेड, वॉटर पंप आणि पुढचे सस्पेन्शन मिळून २ लाख १० हजारांचा अंदाज दिला आहे. गिऱ्हाईक १ लाख ८० हजार देते. घरच्यांचे म्हणणे, १२ लाखांची नवी घ्या. काय करावे? – होटगी रोड, सोलापूर

उत्तर : दुरुस्ती गाडीच्या किमतीपेक्षा महाग झाली की गाडी काढावी, असे सगळेच सांगतात. ऑफिसला जायच्या गाडीला हा हिशेब लागू पडतो. तुमच्या गाडीला नाही, कारण आलेल्या १ लाख ८० हजारांत अशी दुसरी धड गाडी मिळणार नाही. तुलना करायचीच तर नव्या गाडीच्या घसाऱ्याशी करा. विम्याच्या तक्त्यात दोन वर्षे पूर्ण झालेल्या गाडीची किंमत ३० टक्क्यांनी कमी धरतात. १२ लाखांवर ते झाले ३ लाख ६० हजार, कर्जाचे व्याज वेगळे. त्यापुढे २ लाख १० हजार हा आकडा घाबरण्यासारखा नाही. तो बरोबर आहे का, ही शंका मात्र रास्त आहे.

आधी इंजिन विसरा आणि गाडी रॅम्पवर घ्या. दारांखालची सिल, पुढच्या शॉकअपचे टॉवर, सबफ्रेम (इंजिन-सस्पेन्शन धरणारी खालची चौकट) जिथे बोल्टने बसते त्या जागा आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या बुशाभोवतीचा पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहा. बद्द आवाज आला किंवा पापुद्रा निघाला, तर आत गंज आहे. सोलापूरची हवा कोरडी असल्याने कोकणातल्या गाडीसारखी अवस्था सहसा नसते. पण वायपरखालच्या खोलगट जागेतली पाणी जायची भोके पानांनी बुजतात, पाणी केबिनमध्ये उतरते आणि गालिच्याखाली वर्षानुवर्षे मुरते. म्हणून डाव्या बाजूचा गालिचा उचलाच. बॉनेटखाली दोन्ही बाजूंचे स्पॉट वेल्ड आणि सीलरची रेघ सारखी नसेल, तर गाडी कधीतरी ठोकलेली आहे. सांगाडा वाकलेला किंवा सडलेला निघाला तर पुढचे वाचू नका, गाडी काढा. तिथे घातलेला पैसा परत येत नाही.

दुसरी पाहणी कागदांची. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. तुमची गाडी विशीत आली आहे. २० वर्षांवरच्या मोटारीचे नूतनीकरण शुल्क ऑगस्ट २०२५पासून १० हजार रुपये झाले आहे, पर्यावरण कर वेगळा. दिल्लीतली वयाची बंदी एमएच-१३ला (सोलापूरच्या नोंदणीला) लागू नाही, तेव्हा त्या बातम्यांनी घाबरून विकू नका. चेसिस नंबर स्पष्ट वाचता येतो का, तेवढे आरटीओला जाण्याआधी पाहून ठेवा.

दोन्ही ठीक असेल तर इंजिन. गॅरेजने 'टर्बो' (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) 'आणि हेड' (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) लिहिले आहे, पण कुठल्या चाचणीवरून? कॉम्प्रेशनचे, म्हणजे सिलिंडरातल्या दाबाचे, आकडे कागदावर नसतील तर हेड उतरवायला परवानगी देऊ नका. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, इंधन आणि इग्निशन बंद ठेवा, प्लगच्या जागी दाबमापक लावा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून चार-पाच फेरे स्टार्टर मारा. चारही सिलिंडर ९ बारच्या (बार हे दाबाचे एकक) वर आणि त्यांच्यातला फरक ३ बारपेक्षा कमी, तर हेडला हात लावायचे कारण नाही. एखादा ७ बारच्या खाली आला तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंग गेल्या, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

थंड असताना मिस मारणे, म्हणजे एखादा सिलिंडर मध्येच न पेटणे, हे या इंजिनात बहुतेक वेळा कॉइलचे (प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागाचे) दुखणे असते. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल आहे. स्कॅनरवर पी०३०२ (दुसरा सिलिंडर मिस) कोड आला तर दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर टाका. कोड पी०३०३ झाला की चोर सापडला. कोड जागेवरच राहिला तर प्लग बदलून पाहा, आणि इनटेक मॅनिफोल्डच्या खालचे रबरी ब्रीदर पाइप तपासा. वीस वर्षांत ते बिस्किटासारखे ठिसूळ होतात आणि तिथून हवा ओढली जाते.

ओढत नाही म्हणजे टर्बो गेला, असेही नाही. आधी इनटेकमध्ये अर्धा बार हवा भरून गळती शोधा. इंटरकूलरच्या पाइपांचे सांधे आणि टर्बोचा जादा दाब सोडणाऱ्या डायव्हर्टर व्हॉल्व्हचा फाटलेला पडदा हे नेहमीचे गुन्हेगार. मग टर्बोचा दांडा हाताने हलवा. आडवा किंचित खेळ चालतो. पुढे-मागे सरकत असेल किंवा पाती आतून घासली असतील, तरच टर्बो बदला. आणि बदलायचा तर आधी ऑइल संप (इंजिनाखालचे ऑइलचे भांडे) खाली उतरवून ऑइल ओढणाऱ्या पिकअपची जाळी धुवा. या इंजिनात टर्बोच्या उष्णतेने ऑइलची काळी साय धरते आणि जाळी बुजते. ऑइल पुरत नाही म्हणून जुना टर्बो मेलेला असतो, आणि त्याच कारणाने नवाही मरतो. टर्बोला ऑइल नेणारा पाइप नवा घाला. नंतर व्हीडब्ल्यू ५०२.०० मान्यतेचे ५डब्ल्यू-४० ऑइल, साधारण साडेचार लिटर, दर ७–८ हजार किलोमीटरला. १५ हजारांपर्यंत ताणू नका.

काटा वर जाण्यामागे वॉटर पंपाचा प्लॅस्टिकचा पंखा असू शकतो. तो दांड्यावर सुटा फिरतो, पाणी ढकलत नाही. काटा चढलेला असताना हीटर लावा. हवा कोमट आली आणि कूलंटची पातळी ठीक असेल तर संशय पंपावर. धातूच्या पंख्याचा पंप घ्या. पंपापर्यंत जायला टायमिंग बेल्ट काढावाच लागतो, म्हणून बेल्ट, टेन्शनर, रोलर, थर्मोस्टॅट आणि पंप एकाच वेळी. बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, आणि मग हेडचा खर्च खरोखरच येतो. बेल्ट कधी बदलला याचे बिल नसेल तर तो बदललेला नाही, असेच धरा.

रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घातले असेल तर आत क्षार बसलेले असणार. स्वच्छ पाण्याने धुऊन घ्या, शेवटचे धुणे डिस्टिल्ड पाण्याचे, मग जी१२ कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे. हिरवे कूलंट त्यात मिसळू नका. एसी कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली फट कोणीच पाहत नाही. उसाच्या ट्रॉल्यांमागे चालवलेल्या गाडीत तिथे पाचटाचा थर सापडतो. तो मागून पुढे, कमी दाबाच्या पाण्याने काढा.

आमचा कौल असा : सांगाडा आणि कॉम्प्रेशन पास झाले तर गाडी ठेवा. पहिल्या खेपेला बेल्ट-पंप संच, कॉइल-प्लग, ब्रीदर पाइप आणि जाळीची सफाई. सस्पेन्शन दुसऱ्या खेपेला, पण लोअर आर्मचे बॉल जॉइंट ढिले असतील तर ते पहिल्याच खेपेला. सोलापुरात तयार झालेले कॅमशाफ्ट जगभरच्या इंजिनांत बसतात, तुमच्या गाडीची साधी कॉइल मात्र पुण्याहून मागवावी लागेल. म्हणून सगळे भाग हातात आल्याशिवाय गाडी खोलू देऊ नका.

विम्याचे एक राहिले. पाच वर्षांवरच्या गाडीची विमा किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. दुरुस्ती त्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेली की गाडी पूर्ण नुकसानीत धरतात. किंमत ८० हजार लिहिलेली असेल तर एक बंपर, एक हेडलाइट आणि रेडिएटर यांतच गाडी गेली. बिले दाखवून ती वाढवून घ्या.

प्रश्न : २०१४ची पोलो जीटी टीएसआय, ९६ हजार किलोमीटर. उन्हात सात रस्त्याच्या गर्दीत झटके देते. दोनदा गिअरची अक्षरे लुकलुकली आणि गाडी फक्त दुसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये चालली. गिअरबॉक्स बदलायचा की गाडी? – जुळे सोलापूर

उत्तर : अजून दोन्हीही नाही. तुमच्या सात गिअरच्या डीएसजीत (आपोआप गिअर बदलणाऱ्या गिअरबॉक्समध्ये) दोन कोरडे क्लच आहेत. एक १-३-५-७ चालवतो, दुसरा २-४-६ आणि रिव्हर्स. विषम गिअर गेले म्हणजे पहिल्या क्लचची बाजू बंद पडली. गिअरबॉक्सच्या पोटातले गिअर बहुधा धड असतात.

पूर्ण स्कॅन घ्या, फक्त इंजिनाचा नको. पी१७बीएफ कोड असेल तर दुखणे मेकॅट्रॉनिकमध्ये, म्हणजे क्लच आणि गिअर हलवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक-हायड्रॉलिक भागात आहे. त्यातल्या दाब साठवणाऱ्या अ‍ॅक्युम्युलेटरच्या मुळाशी अ‍ॅल्युमिनियमची बॉडी चिरते, ऑइल गळते आणि पंप सतत धावत राहतो. बॅटरीखाली, गिअरबॉक्सच्या पुढच्या बाजूला ओलसरपणा दिसेल. संपूर्ण मेकॅट्रॉनिक न बदलता मजबूत हाउसिंगचा संच घालून हे काम होते, ते करणारे कारागीर पुण्यात आहेत. मेकॅट्रॉनिकचे ऑइल आणि गिअरचे ऑइल वेगवेगळे असते. दोन्ही एकच समजून भरणारा मिस्त्री दिसला तर गाडी परत घेऊन या.

कोड नसेल, नुसते पहिल्या-दुसऱ्यात झटके असतील, तर क्लच झिजला. क्लच संच बसवताना शिमची (पातळ चकतीची) जाडी मोजावी लागते आणि नंतर संगणकावर बेसिक सेटिंग करावेच लागते. ते न केल्यामुळे नवा क्लचही झटके देतो, आणि मग गिऱ्हाइकाला 'हा गिअरबॉक्सच असा' म्हणून सांगतात.

गर्दीत ब्रेक अर्धवट सोडून इंचाइंचाने सरकू नका. तेव्हा क्लच अर्धा घासत असतो आणि ४२ अंशांत त्याला थंड व्हायला वाव नाही. पुढे गाडीभर जागा झाली की एकदम पुढे या, मग ब्रेक पूर्ण दाबा. ब्रेक दाबलेला असताना क्लच सुटलेलाच असतो, न्यूट्रल करायची गरज नाही.

भारतात पोलोचे उत्पादन २०२२मध्ये थांबले. मेकॅट्रॉनिक आणि क्लच दोन्ही एकदम गेले असतील आणि टीएसआयचा टर्बोही कुरकुरत असेल, तर मात्र विकलेली बरी. एकच गेले असेल तर दुरुस्त करा.

प्रश्न : जुन्या पेट्रोल स्पोर्ट गाडीत ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) घालावे का? – बार्शी

उत्तर : पंपावर दुसरे मिळतेच कुठे? आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचा अंश टाकीत येतो आहे. टाकीपासून इंजिनापर्यंतचे रबरी पाइप इथेनॉल सोसणारे घाला, पंपाचे गॅस्केट पाहा. जुन्या टाकीतला मळ इथेनॉल सोडवते, म्हणून दोन-तीन टाक्यांनंतर फिल्टर बदला. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. रिकाम्या जागेतला ओलावा इथेनॉल ओढते आणि पाणी तळाशी बसते.

प्रश्न : गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनी स्पोर्ट गाडी आहे. फायबर बॉडीला पुढच्या चाकावर वीतभर चीर गेली आहे. पेंटर पुट्टी भरतो म्हणतो. इतकी जुनी गाडी ठेवावी का? – पंढरपूर

उत्तर : ठेवा, पण चेसिस पाहून. फायबर गंजत नाही, खालचे लोखंड गंजते. फायबर जिथे बोल्टने लोखंडाला धरले आहे, त्या जागा आतून तपासा. ते रेनोचे ११४९ सीसी इंजिन साधे आहे, त्याची चिंता कमी.

पुट्टीने चीर झाकते, जुळत नाही, महिन्याभरात रंगावर पुन्हा उमटते. आतल्या बाजूने काम करा. चिरेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच घासून उतार काढा, अ‍ॅसिटोनने पुसा, ४५० ग्रॅमच्या काचतंतू मॅटचे तीन थर द्या. एका चौरस फुटाला एका थराची मॅट ४२ ग्रॅम, पॉलिएस्टर रेझिन १०० ते १०५ ग्रॅम. रोलरने बुडबुडे काढा. बाहेरून चिरेला व्ही आकाराची खाच पाडून एक पातळ थर, पुट्टी सगळ्यात शेवटी.

हार्डनर, म्हणजे एमईकेपी, एरवी १ ते २ टक्के घालतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात १ टक्काच, म्हणजे १०० ग्रॅमला १ ग्रॅम, आणि काम सकाळी आठच्या आत उरका. दुपारी रेझिन डब्यातच धरते. १ टक्क्याच्या खालीही जाऊ नका, थर चिकट राहतो. रेझिन कोबाल्ट (रेझिन धरायला मदत करणारे रसायन) न घातलेले असेल तर आधी कोबाल्ट त्यात पूर्ण ढवळा, नंतरच हार्डनर घाला. ते दोन्ही थेट एकत्र आले तर स्फोट होतो. डोळ्यांवर गॉगल लावा. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर पंधरा मिनिटे पाण्याने धुवा आणि तसेच डॉक्टर गाठा.