नवऱ्याचे दिवस बायकोच्या खात्यात जमा होत नाहीत

ताई, तुमच्या प्रश्नातील एका वाक्यापाशी मी थबकले, म्हणून हे उत्तर लिहीत आहे. १२ सप्टेंबर २०२३ रोजी तुम्ही तिघे टोरंटोला उतरलात, सासऱ्यांच्या शस्त्रक्रियेमुळे २१० दिवसांनी तुम्ही एकट्या बडोद्याला परतलात, यजमान आणि मुलगा तिकडेच आहेत, आणि 'वर्षातून एकदा जाऊन आले की पीआर टिकते, शिवाय घरातला एक माणूस तिथे आहेच, असे मोठे दीर सांगतात, ते खरे आहे का?' असे तुम्ही विचारले आहे (पीआर म्हणजे कॅनडात स्थायी रहिवासी असण्याचा दर्जा). ते खरे नाही. वाक्याचे दोन्ही अर्धे भाग खोटे आहेत. हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, २०१० च्या दिवाळीत बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमच्या घरी फराळाला बसलेल्या माझ्या थोरल्या भाऊजींनी मला ऐकवले होते आणि मी ते मान्य केले होते.

कॅनडाच्या २००१ च्या कायद्याचे कलम २८ असे आहे की प्रत्येक स्थायी रहिवाशाने दर पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात असले पाहिजे. 'प्रत्येक' हा शब्द महत्त्वाचा आहे. कुटुंबाची पीआर नावाची वस्तूच नाही. अर्ज एकत्र असतो, विमानात एकत्र बसतो, पण उतरल्यानंतर खाते ज्याचे त्याचे. वर्षातून एक चक्कर मारण्याचा नियम तर कायद्यात कोठेच नाही. तुमच्या यजमानांनी तिकडे काढलेला एकही दिवस तुमच्या नावावर चढत नाही.

आमची गोष्ट सांगते. १४ मे २००९ रोजी हे, मी आणि बारा वर्षांची मुलगी टोरंटोजवळच्या मिसिसागाला पोहोचलो. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात इकडे सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. ह्यांना नुकतीच मनासारखी नोकरी लागली होती, मुलीची शाळा सुरू झाली होती, म्हणून मी पुढे व्हावे असे ठरले. कोणी ठरवले, ते आजही कोणी सांगत नाही. ३ नोव्हेंबर २०१० रोजी मी निघाले, तोवर माझे ५३९ दिवस झाले होते. आणखी १९१ दिवसांनी माझे काम झाले असते, हे त्या घरात एकालाही ठाऊक नव्हते आणि ज्यांना ठाऊक असल्याचा आव होता ते भाऊजी शहरातल्याच मांजलपूरहून स्कूटरवर रविवारी येत, सासूबाईंच्या उशाशी पंधरा मिनिटे बसत आणि मला कायदा समजावून जात.

स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेल्या कालनिर्णयावर मी दुधाचे खाडे निळ्या पेनाने मांडत असे, भांडीवालीचे लाल पेनाने, आणि सासूबाईंचा व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंचे पेन्सिलीने, कारण त्यांचे पैसे नंतर बदलत असत. महिनाअखेर अर्ध्या लिटरचाही घोळ होत नसे. माझे स्वतःचे कॅनडातले खाडे मात्र मी कोठेच मांडले नाहीत. २०१२ च्या उन्हाळ्यात जाऊबाईंनी दीड महिना सासूबाईंकडे बघायचे कबूल केले, तेव्हा ५ जून ते १६ जुलै असे ४२ दिवस मी तिकडे राहून आले आणि 'झाली ना हजेरी?' असे भाऊजी म्हणाले. एकूण झाले ५८१.

२०१४ मध्ये कार्डाची मुदत संपली. कार्ड संपल्याने पीआर संपत नाही आणि कार्ड शिल्लक आहे म्हणून पीआर सुरक्षित आहे असेही नाही, त्यामुळे 'कार्ड २०२८ च्या अखेरपर्यंत आहे, तोवर निश्चिंत राहू का?' या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर यातच आले. परंतु मुदत संपलेल्या कार्डावर विमानात बसता येत नाही. बाहेरून परत जायचे असेल तर प्रवासाच्या कागदासाठी अर्ज करावा लागतो, आणि तो अर्ज म्हणजे आपण होऊन आपला हिशेब अधिकाऱ्यासमोर ठेवणे असते. जून २०१५ मध्ये मुलीच्या शाळेचा निरोप समारंभ होता. भाऊजींच्या ओळखीच्या, अलकापुरीत कचेरी थाटलेल्या एका सल्लागाराने लँडिंगपासूनचे, म्हणजे पीआर म्हणून पहिल्यांदा उतरल्यापासूनचे, सगळे दिवस जोडून ५८१ हा आकडा काढला, 'थोडेसेच कमी पडतात, माणुसकीच्या मुद्द्यावर निघून जाईल' असे सांगितले आणि २० एप्रिल २०१५ रोजी फाईल टाकली.

येथे नीट लक्ष द्या, कारण बडोद्यात हा मुद्दा समजलेली माणसे मला फार थोडी भेटली. लँडिंगला पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत अधिकारी असे बघतात की त्या पहिल्या पाच वर्षांत तुमचे ७३० दिवस भरणे अजून शक्य आहे का. पाच वर्षे उलटली की हिशेब तपासणीच्या तारखेपासून मागे मोजला जातो. माझ्या बाबतीत २० एप्रिल २०१० च्या आधीचे सगळे दिवस गळून गेले; त्या वर्षीचे १९८ आणि २०१२ चे ४२ मिळून हातात राहिले २४०. आलेल्या नकाराच्या पत्रात हाच आकडा होता. खाली दुसरे कारण दिले होते. भाऊजींनी अर्जाला जोडलेल्या पत्रात मोठ्या अभिमानाने लिहिले होते की मी याच शहरात राहतो, आईची अवस्था मला रोज दिसते आणि माझ्या धाकट्या भावजयीने एकटीने तिची सेवा केली आहे. अधिकाऱ्याने त्याचा सरळ अर्थ लावला की दुसरा मुलगा त्याच शहरात असताना सुनेचे तेथे राहणे ही तिची स्वतःची निवड होती. अधिकाऱ्याने अन्याय केला असे मी म्हणणार नाही. त्याच्यापुढे जे कागद होते त्यांवरून मीही तेच लिहिले असते.

अपिलाला ६० दिवस असतात. आम्ही अपील केले नाही. हे म्हणाले की वकिलाचे पैसे फार होतील, भाऊजी म्हणाले की भाऊ नागरिक झाला की तुला पुन्हा बोलावून घेईल, आणि त्याच महिन्यात सासूबाई दुसऱ्यांदा आजारी पडल्या. मुदत टळली तेव्हा दर्जा गेला. मुलीचा समारंभ मी ह्यांच्या फोनवरून पाहिला. तिकडे दुपारचे दोन, इकडे रात्रीचे साडेअकरा. सासूबाई जाग्या होत्या. त्यांनी फोन डाव्या हाताने स्वतःकडे वळवून घेतला आणि विचारले, 'तिला ही पाटासारखी टोपी कोणी घातली?'

आता खरी खुपणारी बाब. हे २०१६ मध्ये नागरिक झाले आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये कायमचे बडोद्याला आले. स्थायी रहिवासी व्यक्ती जर नागरिक असलेल्या जोडीदारासोबत परदेशात राहत असेल, तर ते दिवस कॅनडात काढल्यासारखे धरले जातात. म्हणजे २०१५ मध्ये मी तो अर्ज केलाच नसता, तर दर्जा आपोआप गेला नसता आणि दांडिया बाजारात बसून २०१९ पर्यंत माझे ७३० दिवस भरले असते. भाऊजी मात्र आजही पाहुण्यांना सांगतात की धाकटीला तिकडची थंडी मानवली नाही, ती रमली नाही, म्हणून परत आली. ज्यांनी ५३९ दिवस मोजले नाहीत त्यांनी रमण्याचे मोजमाप करू नये.

तुमच्याकडे अजून वेळ आहे, म्हणून स्पष्ट सांगते: सासऱ्यांपाशी तुम्हीच का, हा प्रश्न घरात मोठ्याने विचारा. यजमान तिकडे सलग राहिले असतील तर त्यांचे ७३० दिवस दोन वर्षांतच भरले. पाच वर्षांत सुमारे १०९५ दिवस बाहेर काढण्याची त्यांना मुभा आहे आणि त्यातील एकही त्यांनी वापरलेला नाही. त्यांनी सहा-आठ महिने येऊन वडिलांकडे बघावे आणि तुम्ही मुलाकडे जावे, हा कायद्याच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त मार्ग आहे. यावर 'मग नागरिकत्व लांबेल' असे उत्तर येईल, कारण त्यासाठी पाच वर्षांत १०९५ दिवस लागतात. लांबू द्यावे. त्यांचे नागरिकत्व काही महिने लांबणे आणि तुमचा दर्जा जाणे, या दोन गोष्टी एका तराजूत तोलायच्या नसतात.

दोन-तीन गैरसमज जाता जाता दूर करते. उद्या मुलगा नागरिक झाला आणि तुम्ही त्याला घेऊन बडोद्यात राहिलात, तर त्याच्या सोबतीचे दिवस तुम्हाला मिळत नाहीत. मुलाला नागरिक आईबापांच्या सोबतीचे मिळतात, आईबापांना मुलाच्या सोबतीचे नाहीत. यजमानांना कॅनडातील खऱ्याखुऱ्या कंपनीने पूर्णवेळ कामावर भारतात पाठवले, तर त्यांचे आणि त्यांच्यासोबत राहणाऱ्या तुमचेही दिवस धरले जातात, पण कोणी नातेवाइकाने तिकडे कागदावर कंपनी उघडून दिली तर नाही. पोहोचण्याचा आणि निघण्याचा दिवस, दोन्ही मोजले जातात. आणि कोणी 'अमेरिकेच्या बाजूने गाडीने आत जा, शिक्का लागत नाही, मग कितीही दिवस सांगा' असा सल्ला देईल, तर त्याच्याकडे चहासुद्धा घेऊ नका. २०२० पासून विमानाने बाहेर पडणाऱ्यांचीही नोंद तेथील सरकारकडे जाते.

मी वकील नाही, हे आधीच सांगायला हवे होते. माणुसकीचा मुद्दा कधीच चालत नाही असेही नाही. लहान मुलाचे हित गुंतलेले असेल तर तो गांभीर्याने पाहिला जातो, आणि तुमच्या बाबतीत मुलगा तिकडे आहे. नागरिक जोडीदारासोबतच्या दिवसांबद्दल मी वर जे ठामपणे लिहिले, त्यातही काही अधिकारी कोण कोणाच्या मागे गेले ते विचारतात, त्यामुळे माझे २०१९ चे गणित नक्कीच जमले असते अशी शपथ मी घेणार नाही. मुलाला येथे शाळेत घालावे की तिकडेच ठेवावे, या तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर माझे काही मत नाही.

तुमचा हिशेब मात्र मी मांडून पाहिला. २१० झाले आहेत, ५२० उरले आहेत, आणि पहिली पाच वर्षे ११ सप्टेंबर २०२८ रोजी पूर्ण होतात. तेथून मागे मोजत आले की ११ एप्रिल २०२७ ही तारीख येते. त्या दिवशी तुम्ही टोरंटोला उतरलेल्या असायला हव्यात आणि नंतर एक दिवसही बाहेर जाता येणार नाही. त्याआधी जितके दिवस लवकर जाल, तितकेच दिवस मध्ये सासऱ्यांना भेटायला येण्यासाठी मोकळे मिळतील.